एका कार्डावरची माणसं

१२ जून २०२५

रामप्रसादच्या बियाणे कंपनीने जानेवारीत वाटलेली ही डायरी कपाटावर धूळ खात पडली होती. प्रत्येक पानाच्या तळाशी शेतीचा एक सल्ला छापलाय. आजचा सल्ला, "पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण तपासून घ्या." आभारी आहे. माझ्यात काय उगवलंय ते काल संभाजीनगरला तपासून आले. उजव्या स्तनात कॅन्सरची गाठ, दुसरा टप्पा.

लिहिलं एकदाचं. शाळेत पोरांना सांगते, जे बोलता येत नाही ते लिहून काढा. मग बाईंनी मागे का राहावं?

येताना रेल्वेत रामप्रसाद बदनापूरपर्यंत रिपोर्टांची पिशवी मांडीवर धरून बसला होता. (तोंडाने मी नवऱ्याचं नाव घेत नाही. डायरीत घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होत नाही असं धरून चालते.) बदनापूरला चहावाला चढला तेव्हा म्हणाला, "घेती का?" मी नको म्हटलं, तर त्याने दोन घेतले आणि दोन्ही स्वतःच प्यायला.

दवाखान्यात समाजसेवा विभाग असतो हे मला माहीतच नव्हतं. तिथल्या यशश्री मॅडम अगदी तरुण आहेत, पण बोलणं स्वच्छ. म्हणाल्या, "ताई, पैशाला भ्यायचं नाही. सरकारी योजनेत केमो, ऑपरेशन सगळं बसतं. राहायला ट्रस्टची खोली मिळेल, रेल्वेच्या सवलतीचं पत्र मी देते. तुम्ही फक्त रेशन कार्ड आणा. तुमची नावं ऑनलाइन दिसत नाहीत, तेव्हा मूळ कार्ड घेऊन गावच्या रेशन दुकानात अंगठे द्यावे लागतील."

फक्त रेशन कार्ड! ते आहे टेंभुर्णीला, दादांच्या घरी. दादा म्हणजे रामप्रसादचे थोरले भाऊ बद्रीनाथ. आम्ही जालन्यात येऊन वीस वर्षं झाली, पण कार्डावरची नावं हलवली नाहीत. गावात भावाभावांची कार्डं कधीच फुटली, आमचंच एक शाबूत, आणि दादा हे प्रत्येक सोयरिकीच्या बैठकीत ऐकवतात. "कार्ड एक तर घर एक." ऐकायला मलाही छान वाटायचं.

१५ जून

टेंभुर्णीला जाऊन आलो. काय लिहू? आजार बाजूला राहिला, नुसता राग आलाय.

रामप्रसादने सांगितलं तेव्हा दादा बाजेवरून उठून उभेच राहिले. ते माझ्याशी थेट बोलत नाहीत. धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायची त्यांच्याकडे रीत नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात डोक्यावर पदर घेऊन उभी, आणि दादा भिंतीकडे बघून म्हणाले, "रामा, तिला म्हणावं बिलकुल घाबरू नको. कार्ड काय, घर तिचंच हाये. अगं ए, कार्ड काढ."

हे शेवटचं सगुणाबाईंना, माझ्या जाऊबाईंना. त्या पोळपाट पुसत होत्या. हातचं काम न सोडता म्हणाल्या, "न्हाई देत."

"काय म्हणली?"

"वीस वर्षं झाले, जालन्यात राहून राह्यले. त्यांचं त्यांनी येगळं काढून घ्यावं."

"मी जित्ता हाये तवर कार्ड फुटणार न्हाई!" दादा असे ओरडले की गोठ्यातली म्हैस उठली. बाई उठल्या आणि कार्ड ज्या पत्र्याच्या पेटीत असतं तिच्यावर मांडी घालून बसल्या. साठीला आलेली बाई! दादांनी हात उगारला, तो त्यांच्या मुलाने, भारतने, वरच्या वर धरला. मग दादा शेतात निघून गेले आणि आम्ही चहा न घेता निघालो.

निघताना बाई दारापर्यंत आल्या. मला वाटलं, आता तरी देतील. तर विचारतात, "तुला कळलं कसं? दुखत होतं?"

"नाही. दुखत नाही म्हणूनच कळत नाही."

"आजिबात दुखत न्हाई?" असं दोनदा विचारलं आणि पदर घट्ट ओढून आत गेल्या. कार्ड द्यायला नको, चौकशी मात्र बराबर पाहिजे.

१७ जून

माझी अवस्था अशी आहे की एक माणूस कार्ड देत नाही, दुसरा ते फुटू देत नाही, आणि तिसरा माझा नवरा, तो म्हणतो, "दादानं मला शिकवलं, दादाच्या शब्दाबाहेर मी न्हाई." इकडे आड, तिकडे विहीर आणि मध्ये हा धोंडा.

सगुणाबाईंचं मला नवल वाटायला नको. त्या घरात सगळं आधी थोरलीला, मग धाकटीला. साडी असो, जेवणाचं पान असो, अगदी डॉक्टरसुद्धा. चिकनगुनियाची साथ आली तेव्हा दोघी एकदमच आडव्या झालो होतो. डॉक्टरकडे सलाइनची एकच बाटली होती, ती बाईंना लागली. मला ताप जास्त होता. कुणी वाईट वागलं असं नाही, कुणाच्या डोक्यातच दुसरं आलं नाही. माझ्याही नाही. आता मात्र येतंय.

२६ जून

दुसरी दारं वाजवून पाहिली. एका ट्रस्टचा फोन तीन दिवसांनी लागला, ते म्हणाले रेशन कार्डाची प्रत पाठवा. मदतनिधीच्या कचेरीत अर्ज घेऊन गेले, तिथल्या माणसाने अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "कार्ड कुठंय?" असं वाटतंय की आजारी मी नाही, ते कार्डच आहे, सगळे त्याचीच विचारपूस करतात.

आमच्या मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "मॅडम, मुलांची मदतफेरी काढू. एक छानसा हसरा फोटो द्या." सगळ्या जालन्यातून माझा हसरा फोटो फिरवणार, बँडसकट! मी सरांना म्हटलं, विचार करून सांगते. रजा बिनपगारी धरणार का ते विचारायचं राहिलं.

४ जुलै

सगुणाबाई आज एकट्या एसटीने दारात हजर. बारा वर्षांत या घरी आल्या नव्हत्या. भोकरदनला काम होतं, तिथून पुढे आले म्हणाल्या. भोकरदनहून टेंभुर्णी कुठे आणि जालना कुठे! मे महिन्यातही त्या भोकरदनला बायकांच्या कसल्याशा तपासणी शिबिराला गेल्या होत्या, हे भारतने सांगितलं होतं. गावात काम नसलं की बायकांना शिबिरं सुचतात.

हातात कार्ड नव्हतं. मी ते आधी पाहिलं. पाणी दिलं, आणि दिल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मला दाखव."

"काय?"

"गाठ. कशी लागती हाताला, बघू."

मी थक्क झाले. वीस वर्षांत जिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाही तिला माझी छाती चाचपायचीय! पण थोरलीला नाही म्हणायची जिभेला सवय नाही. मी दाखवली. त्यांची बोटं गार होती आणि हळू होती. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही. मग म्हणाल्या, "आमच्या मळ्यातल्या लिंबाएवढी बी न्हाई ही," आणि ब्लाउजचं बटण त्यांनीच लावून दिलं. ब्लाउज त्यांना स्वतःला किती ढगळ झालाय ते मला तेव्हा दिसलं. म्हटलं, वय झालं.

कार्डाचं विचारलं तर म्हणाल्या, "येगळं काढ." परत तेच.

११ जुलै

डॉक्टर आज चिडले. महिना झाला, गाठ वाढतेय, आणि तुम्ही कसली वाट बघताय? रामप्रसाद खाली मान घालून उभा होता. त्याला सांगता येईना की आम्ही एका पेटीवरून बाई उठायची वाट बघतोय.

आकांक्षा बारावीला आहे. घरी आल्यावर तिने बापाला विचारलं, "पप्पा, मम्मी मेली तर कार्डावर एक नाव आपोआपच कमी होईल ना?" तो उठून बाहेर गेला. मी तिला रागावले, मग तिच्याच गळ्यात पडून रडले. मला मरायचं नाहीये. हे इतकं साधं आहे आणि कुणाला सांगायची सोय नाही.

१३ जुलै

भारतच्या मुलाचं बारसं होतं. मी जाणार नव्हते, पण रामप्रसादला वाटलं चार पाहुण्यांत दादांचं मन वळेल. गेलो.

पाळण्याभोवती बायका होत्या. माझ्या हातात बाळ द्यायला भारतच्या बायकोने पुढे केलं आणि सगुणाबाईंनी ते मधल्या मधे घेतलं. डाव्या हाताने, ओढूनच. उजवा हात तसाच खाली. आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "तिच्या हातात लेकरू देऊ नका. तिचा रोग माझ्या घरात नको. कार्डावर तिचं नाव बी नको मला. आजच्या आज काढा!"

पाळणा म्हणणाऱ्या बायका माझ्याकडे वळून बघायला लागल्या. मी शिकलेली बाई, हा आजार शिवून लागत नाही हे मला माहीत आहे. तरी हात मागे घेतले, जणू खरंच काही लागेल.

रामप्रसाद पुरुषांतून उठून आत आला. पंगतीतल्यांच्या देखत त्याने माझा हात धरला. असा त्याने लग्नात सप्तपदीला धरला होता, त्यानंतर आजच. म्हणाला, "दादा, उद्यापासून आमचं कार्ड येगळं." दादांनी हातातला तांब्या खाली ठेवला. ते बाईंकडे बघत राहिले.

मला वर्षानुवर्षं कुणी एवढं लागट बोललं नव्हतं. ही बाई मेली तरी मी दाराशी जाणार नाही.

१५ जुलै

जाफराबादला तहसीलच्या पुरवठा विभागात गेलो. तिथे कळलं की कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून दादांचं नाव नाहीच. नियमाने घरातली थोरली बाई प्रमुख असते. म्हणजे इतके दिवस आम्ही ज्यांच्या पाया पडत होतो त्यांच्या हातात काही नव्हतं! आता सगुणाबाईंची सही आणायची कशी, या विचाराने आम्ही एकमेकांकडे बघतोय, तर कारकून म्हणाला, "बाई आल्त्या ना मागच्या आठवड्यात. संमती देऊन गेल्या. तुमचाच अर्ज यायचा राह्यल्ता."

मागच्या आठवड्यात! म्हणजे बारशाच्या आधीच. आम्हाला बाहेर काढायची केवढी ही घाई. रामप्रसाद दिवसभर जेवला नाही.

१ ऑगस्ट

नवीन कार्ड आलं. केशरी. तीन नावं, आणि कुटुंबप्रमुख दैवशाला रामप्रसाद. जन्मात पहिल्यांदा कशाची तरी प्रमुख झाले. आकांक्षाने पेढे आणले, मी तिला म्हटलं, कशाचे वाटायचे, कॅन्सरचे की फाटाफुटीचे?

७ ऑगस्ट

पहिलं केमो. लिहवत नाही.

२२ ऑगस्ट

आज पोळा. लग्नानंतरचा पहिला पोळा जो टेंभुर्णीत नाही. केस उशीवर राहू लागले म्हणून काल डोकं साफ करून टाकलं. रामप्रसादने बघितलं आणि म्हणाला, "चांगली दिसती." खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात.

भारत आला होता, आईने पाठवलेली पिशवी घेऊन. ज्वारीचं पीठ, घरचं तूप, पुरणपोळ्या. म्हणाला, "आई रोज विचारती, काकूला औषध सोसतं का, उलट्या कितीक होतात." मी म्हटलं, "सांग, भरपूर होतात. ऐकून समाधान होईल." पिशवी तशीच परत दिली. तो दारात घुटमळला. "काकू, आई लई वाळून राह्यली." मी म्हटलं, पश्चात्तापाने माणूस वाळतंच.

पिशवी परत केल्यावर अर्धा तास बरं वाटलं. मग पुरणाचा वास घरात राहिला होता त्याचा त्रास झाला.

१९ सप्टेंबर

तिसरं झालं काल. मी आता वॉर्डात जाणकार झाले आहे. अंबडची एक म्हातारी कार्ड, आधार, सगळं पदराला बांधून आली होती आणि कुठल्या खिडकीवर जायचं ते कळेना. मी तिला यशश्री मॅडमकडे नेलं, ट्रस्टच्या खोलीत कॉट मिळवून दिली, सवलतीच्या पत्राने नातवाचंही सोबती म्हणून तिकीट कमी होतं हे सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्हाला खुर्ची टाकून देते माझ्याशेजारी." छान वाटलं. तेवढा वेळ आपण कशात सापडलोय ते आठवत नाही.

गाठ लहान होतेय. डॉक्टर पहिल्यांदा हसले.

२ ऑक्टोबर

दसऱ्याचं सोनं द्यायला दादा आले. खुर्चीच्या कडेवर बसले. आकांक्षाकडे बघून म्हणाले, "मम्मीला म्हणावं, तब्येतीला जप." मग म्हणाले, "तुझी मोठी मम्मी नीट जेवत न्हाई. बोलत न्हाई. मी बी तिच्याशी बोलत न्हाई बारशापासून. घर फुटलं ना."

मी आत ओट्याशी उभी होते. बोलू दे नाहीतर न बोलू दे, मला काय? तरी चहात साखर दोनदा पडली.

२७ ऑक्टोबर

सकाळी भारत आला. हातात त्यांचं जुनं कार्ड. म्हणाला, "काकू, तिथं आधी कुणाला भेटायचं असतं?"

खरं लिहिते, मला आनंद झाला. अडलं ना शेवटी माझ्यापाशी! पाय हलवत विचारलं, "का रे? कोणाला काय झालं?"

"आईला."

उजव्या बाजूला गाठ. काल नहाणीत घसरून पडली तेव्हा सुनेने उचलली आणि पाहिलं. गाठ फुटलीय. काखेत दगडासारखं लागतं. मी विचारलं, कधीपासून? तर भारत म्हणाला, आई सांगती, शिवरात्रीपासून. भोकरदनच्या शिबिरात मे महिन्यातच सांगितलं होतं.

मे महिना. माझं निघालं जूनमध्ये.

मी भारतला यशश्री मॅडमचा नंबर दिला. कागद कसे लावायचे ते सांगितलं. आवाज माझाच होता. तो गेल्यावर बारशाच्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने बाळ घेतलं ते आठवलं, आणि मग एकामागून एक सगळंच आठवायला लागलं.

२९ ऑक्टोबर

सगुणाबाईंना घेऊन गेलो. तपासण्या झाल्या. हाडात पसरलंय. ऑपरेशन नाही, औषधं देऊ, म्हणजे दुखणं कमी राहील, असं डॉक्टर म्हणाले. दादांनी विचारलं, "पर बरी होईल ना?" डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

बाई आणि मी बाहेर बाकावर होतो. माझ्या डोक्याला स्कार्फ, त्यांच्या डोक्यावर पदर. मी विचारलं, "बाई, सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर मला आणलं असतं आधी." त्या समोरच्या भिंतीकडे बघून बोलत होत्या. "शिबिरातली पोरगी म्हणल्ती, कार्डावरच्या समद्यांना मिळून वर्षाला एकच ठरलेली रक्कम मिळती. दोघीचं एका कार्डात भागलं नसतं. मंग तुझं राह्यलं असतं. आपल्या घरात धाकटीला आधी कोण नेतंय? रामानंच नेलं नसतं."

"पण कार्ड वेगळं झाल्यावर? ऑगस्टमध्ये? तेव्हा का नाही बोललात?"

पदराचं टोक पिळत म्हणाल्या, "भ्याले गं. म्हणलं, आधी तुझं बघावं. माणूस जगतं का मरतं त्या औषधानं. भारत येऊन सांगायचा, तुझे केस गेले, तू उलट्या करून अर्धी झाली. मंग अजून भ्याले." मग माझ्याकडे वळल्या. "तुझी बारकी झाली ना पर गाठ?"

"झाली."

"झालं मंग," म्हणाल्या.

बारशाला जे बोलल्या त्याची त्यांनी माफी मागितली नाही. मीही पिशवी परत केल्याची मागितली नाही.

३० ऑक्टोबर

दादांचा फोन आला. आकांक्षाने घेतला तर म्हणाले, मम्मीला दे. वीस वर्षांत प्रथमच. "दैवशाला," म्हणाले, आणि नुसते रडत राहिले. मी ऐकत राहिले. रामप्रसाद सगळ्यांना सांगतोय, वहिनीनं केवढं केलं, देवमाणूस आहे. शाळेतही पोचलंय. सगळ्यांचे डोळे भरून येतात.

आणि मला राग आलाय. कुणाला सांगता येत नाही इतका. पंधरा तारखेला माझं ऑपरेशन आहे, डॉक्टर म्हणतात सगळं चांगलं चाललंय, आणि आता यापुढे जितकी जगेन तितकी त्या बाकावर बसलेली असेन. त्यांनी मला कशाला यात अडकवलं? मला विचारलं का? दोघींपैकी आधी कुणी जायचं हे ठरवताना मला एका शब्दाने विचारायला काय झालं होतं?

दुपारभर हे घोकलं. मग स्वतःलाच विचारून पाहिलं. समजा त्या जूनमध्ये माझ्यासमोर बसून म्हणाल्या असत्या, "दैवशाला, मला बी तेच झालंय, सांग, आधी कुणाचं करायचं?" मी काय म्हटलं असतं?

तोंडाने म्हटलं असतं, बाई, तुमचं. लगेच म्हटलं असतं, पदर सावरून, खाली बघून. आणि मनातल्या मनात म्हटलं असतं, देवा, माझं कुणी ऐकू नको.

सगुणाबाई मला वीस वर्षं ओळखतात. म्हणून विचारलं नाही त्यांनी.